आधी रेबीज वगळा, मग तोंडात हात घाला: पशुवैद्यकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

चारा सोडलेली, लाळ गाळणारी गाय समोर उभी असते, मालक म्हणतो, "डॉक्टर, घशात काहीतरी अडकलंय बघा," आणि पशुवैद्यकाचा हात सवयीने तिच्या तोंडात जातो. ती लाळ रेबीजचीही असू शकते. रेबीजवरचे उत्तर पदवी परीक्षेत आपण सर्वांनीच लिहिलेले असते, तरीही गोठ्यात ही चूक पुन्हा पुन्हा होते, कारण त्या क्षणी आठवावा लागतो तो कामाचा क्रम, आणि क्रम फक्त सरावाने टिकतो. नाशिक जिल्ह्यातील शासकीय व खासगी पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक आणि परिचर या सर्वांसाठी तो क्रम येथे मांडला आहे. माणसांवरील उपचारांचा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांचा असतो. आपले काम संशयित जनावराच्या लाळेशी आलेला संपर्क वेळेत ओळखणे आणि त्या व्यक्तीला रुग्णालयापर्यंत पोहोचवणे एवढे आहे, पण तेवढे काम चोख झाले नाही तर पुढचे काहीच वेळेवर होत नाही.

टप्पा १: बोलावणे येण्यापूर्वीची तयारी

पहिली तयारी म्हणजे स्वतःचे आणि आपल्या चमूचे संपर्कपूर्व लसीकरण, म्हणजे संपर्क येण्याआधीच घेतलेली लस. राष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार ० व्या, ७ व्या आणि २१ व्या किंवा २८ व्या दिवशी असे तीन डोस घ्यायचे असतात. ते स्नायूत किंवा त्वचेत दिले जातात. पहिला डोस ज्या दिवशी घेतला तो ० वा दिवस, हे नीट लक्षात ठेवावे. सोमवारी पहिला डोस घेतला असेल तर ७ वा दिवस पुढचाच सोमवार असतो. पहिल्या डोसच्या दिवसाला १ धरून मोजल्यामुळे तारखा चुकल्याचे अनेकदा दिसते. ज्यांचा संपर्क सतत येतो त्यांनी ठरावीक काळाने रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्यावी आणि ती प्रतिमिली ०.५ आंतरराष्ट्रीय एककांच्या खाली गेल्यास बूस्टर घ्यावा.

लसीकरणाची यादी करताना पशुवैद्यकांची नावे आधी लिहिली जातात आणि परिचराचे नाव राहून जाते. जनावराचे डोके धरणारा, जबडा उघडून ठेवणारा, शवविच्छेदनाला मदत करणारा माणूस मात्र तोच असतो. दवाखान्याची गाडी चालवणारा चालक, कृत्रिम रेतनासाठी फिरणारा खासगी सेवादाता आणि आंतरवासितेसाठी आलेला विद्यार्थी यांचीही नावे त्या यादीत असली पाहिजेत.

दुसरी तयारी गाडीतल्या पेटीची. नायट्राइल हातमोज्यांच्या भरपूर जोड्या, कोपरापर्यंतचे हातमोजे, डोळे झाकणारा चष्मा किंवा चेहऱ्याची ढाल, एन-९५ मुखपट्टी, प्लास्टिकचा अॅप्रन, गमबूट, साबणाची वडी, पोव्हिडोन आयोडीन, सोडियम हायपोक्लोराइट, नमुन्याच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या, जाड प्लास्टिकच्या नळ्या, बर्फाच्या पिशव्यांसह थर्मास पेटी आणि कायमच्या शाईचे पेन एवढे साहित्य वेगळ्या पेटीत भरून ठेवावे व ते इतर कामांसाठी काढू नये. यात मी एक गोष्ट आग्रहाने जोडतो, ती म्हणजे पाणी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पावसाळ्यात पाणी धो-धो कोसळते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी विहिरीची वाट धरावी लागते. जखम १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवायची तर गोठ्यातल्या अर्ध्या बादलीने भागत नाही. किमान २० लिटरचा, तोटी असलेला कॅन उन्हाळ्यात गाडीत भरलेला असावा.

*तपासणी:* चमूतील प्रत्येकाच्या लसीकरणाच्या तारखा दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेल्या आहेत का? आपल्या भागात लस आणि प्रतिपिंडद्रव, म्हणजेच इम्युनोग्लोब्युलिन, कोणत्या शासकीय रुग्णालयात उपलब्ध आहे, हे याच महिन्यात फोन करून विचारले आहे का?

टप्पा २: फोनवरच छाननी

निम्मे काम फोनवर होते. मालकाचे म्हणणे ऐकून लगेच "येतो" म्हणण्याऐवजी काही प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहावीत. खाणे-पिणे कधी सुटले? लाळ कधीपासून गळते? हंबरण्याचा आवाज बदलला का? गोठ्यातल्या इतर जनावरांना तसेच काही होते आहे का? गेल्या काही महिन्यांत वस्तीवर कुत्रा पिसाळला होता का, एखादे कुत्रे अचानक मेले का, कोल्हा वस्तीत शिरला होता का? आणि सर्वांत महत्त्वाचे: आतापर्यंत कोणी तोंडात हात घातला, कोणी नळीने किंवा बाटलीने औषध पाजले?

"कुत्रा चावला होता का?" या प्रश्नाला "नाही" असे उत्तर आले म्हणून रेबीज वगळता येत नाही. रात्री उघड्यावर बांधलेल्या किंवा माळावर चरणाऱ्या जनावराला चावा बसल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षणे दिसेपर्यंत आठवडे किंवा महिने लोटलेले असल्याने जखम भरून खूणही उरलेली नसते. सिन्नर, येवला, नांदगाव या पट्ट्यात फिरणाऱ्या मेंढपाळांच्या वाड्यांबाबत तर ही माहिती मिळणे आणखी अवघड, कारण चावा एका गावात झालेला असतो आणि जनावर आजारी पडते दुसऱ्याच गावात.

फोन ठेवण्यापूर्वी मालकाला चार सूचना द्याव्यात: जनावर वेगळे व मजबूत दाव्याने बांधा, तोंडात हात घालू नका, काहीही पाजू नका, आणि लहान मुले व घरचे कुत्रे तिथून दूर ठेवा.

*इशारा:* "मी येईपर्यंत थोडे तेल पाजून ठेवा" असे फोनवर कधीही सांगू नये. आपल्या एका वाक्याने घरातल्या दोन-तीन माणसांचे हात लाळेत जाऊ शकतात.

टप्पा ३: दुरून निरीक्षण

गोठ्यावर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे जनावराला हात लावू नये. हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो. समोर मालक घाईत असतो, शेजारी जमलेले असतात, आणि नुसते उभे राहून पाहणारा डॉक्टर त्यांना काही करत नाही असे वाटते. तेव्हा आपण काय पाहतो आहोत हे मोठ्याने सांगत राहावे. लोक शांत होतात आणि त्यांनाही लक्षणे कळतात.

गाय-म्हशीत पुढील गोष्टी शोधाव्यात. आवाज घोगरा होऊन वारंवार, ताणून हंबरणे. लाळेच्या तारा लोंबणे आणि गिळता न येणे. शेण किंवा लघवी होत नसताना सतत कुंथणे. मागच्या पायांत कमजोरी, चालताना खूर मुडपणे, कंबर डुलणे. शेपटी लुळी पडणे. काही जनावरे माजावर आल्यासारखी वागतात. बैल व रेडे इतरांवर चढू पाहतात. काही जनावरे गव्हाणीला, खांबाला किंवा माणसाला धडक देतात. पण आक्रमकपणा दिसलाच पाहिजे असे नाही. मलूल उभे राहून हळूहळू लुळे पडणारे जनावर तितकेच धोकादायक असते, किंबहुना अधिक, कारण त्याच्या जवळ जायला कोणी कचरत नाही. शेळ्या-मेंढ्यांत सततचे बेंबटणे आणि कळपापासून दूर राहणे यांवर लक्ष ठेवावे.

कुत्र्यात स्वभाव बदलणे हे पहिले लक्षण असते: मायाळू कुत्रा कोपऱ्यात दडतो, बुजरा कुत्रा अंगाशी येतो. पुढे माती, लाकूड, दगड चावणे, भुंकण्याचा सूर फाटणे, दिशाहीन भटकणे. मूक प्रकारात खालचा जबडा लोंबतो, जीभ बाहेर राहते आणि मालक खात्रीने सांगतो की हाड अडकले आहे. शहरातील छोट्या दवाखान्यांत बसणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हा प्रसंग सर्वांत जोखमीचा आहे, कारण टेबलावर ठेवलेल्या पाळीव कुत्र्याच्या तोंडात बोट घालून पाहणे ही रोजची सवय असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण आहे. बादलीत तोंड बुडवून पाणी पिण्याचा प्रयत्न करणारे जनावर पाहून "हे पाणी पितंय, म्हणजे रेबीज नाही" असा निष्कर्ष काढणे पूर्णपणे चुकीचे आहे.

आता वेगळ्या निदानांचा विचार. लाळ्या-खुरकूत असेल तर बहुधा एकाहून अधिक जनावरे आजारी असतात, ताप असतो, आणि खुरांच्या बेचक्यात व जिभेवर फोड असतात. खुरातले फोड तोंड न उघडताही दिसतात, म्हणून आधी खूर पाहावेत. धनुर्वातात शरीर ताठ होते, कान व शेपटी ताठरतात, जबडा आवळलेला असतो. रेबीजमध्ये तो बहुधा सैल पडतो. नुकत्याच व्यायलेल्या दुभत्या गाईत किटोसिसचा (ऊर्जेच्या कमतरतेने होणाऱ्या विकाराचा) मज्जासंस्थेचा प्रकार आणि मॅग्नेशियमची कमतरता लक्षात घ्यावी. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांची विषबाधा फार वेगाने, काही मिनिटांत ते काही तासांत रंग दाखवते. कुत्र्यात डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाचा विचार करावा. या सर्व शक्यता खऱ्या आहेत. मात्र त्यांपैकी एकीवर बोट ठेवता आले म्हणजे रेबीजची शक्यता संपली असे समजू नये.

टप्पा ४: तोंड तपासायचे की नाही

अन्ननलिकेत खरोखरच वस्तू अडकण्याचे प्रसंग आपल्या जिल्ह्यात येतात. मक्याची कणसे, आंब्याच्या कोयी, बाजारातून आणलेला उरलेला भाजीपाला हे सर्व गाईच्या पुढ्यात असते. म्हणून हा फरक नीट करता आला पाहिजे. अडथळ्यात त्रास अचानक, खाता-खाता सुरू होतो. पोट लवकर फुगते. मानेच्या डाव्या बाजूला कधी गाठ दिसते किंवा बाहेरून हाताला लागते. आवाज, चाल आणि शुद्ध नेहमीसारखी असते. रेबीजमध्ये गिळण्याची अडचण हळूहळू वाढते आणि तिच्या जोडीला आवाजातील, वागण्यातील किंवा चालीतील बदल असतो.

नियम सोपा ठेवावा. गिळण्याच्या अडचणीसोबत मज्जासंस्थेचे एक जरी लक्षण असेल, तर तोंडात हात घालायचा नाही, नळी सरकवायची नाही, काही पाजायचे नाही. जनावर रेबीज-संशयित म्हणून नोंदवायचे आणि पुढच्या टप्प्याकडे जायचे. मज्जासंस्थेचे कोणतेही लक्षण नसेल आणि अडथळ्याची चिन्हे स्पष्ट असतील तरच, दोन जोड हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी घालून, जनावर पक्के बांधून, तोंड उघडे ठेवणारा गॅग लावून तपासणी करावी. हातावर ओरखडा असेल तर ती तपासणी दुसऱ्या, लस घेतलेल्या सहकाऱ्याने करावी.

*इशारा:* लक्षणे दिसू लागलेल्या जनावराला रेबीजची लस टोचू नये. तिचा उपयोग होत नाही, टोचताना माणसांचा संपर्क वाढतो आणि "लस दिली आहे" या खोट्या दिलाशावर घरचे लोक रुग्णालयात जायचे टाळतात.

टप्पा ५: संपर्क झालाच तर पहिला तास

जखमेवर किंवा लाळ लागलेल्या जागेवर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुणे हा पहिला उपचार आहे. घड्याळ लावून धुवावे, कारण अंदाजाने धुताना दोन-तीन मिनिटांतच हात थांबतो. डोळ्यांत किंवा तोंडात लाळ उडाली असेल तर साध्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे. मिरची, चुना, हळद, झाडपाल्याचा लेप यांपैकी काहीही जखमेवर लावू देऊ नये. गावात हे उपाय आजही होतात आणि लेप आधीच लावला असेल तर तो धुऊन काढावा. जखम घट्ट बांधू नये व टाके टाळावेत.

मग वर्गवारी. अखंड त्वचेला स्पर्श किंवा चाटणे हा पहिला वर्ग. त्यात लसीची गरज नसते. रक्त न आलेला किरकोळ ओरखडा किंवा उघड्या त्वचेचे कुरतडणे हा दुसरा वर्ग. त्यात लस लागते. त्वचा फाडणारा चावा, जखमेवर चाटणे, डोळे-तोंड-नाकाच्या आतील नाजूक त्वचेला लाळ लागणे हा तिसरा वर्ग. त्यात लस आणि जखमेत व तिच्या सभोवती टोचायचे प्रतिपिंडद्रव दोन्ही लागतात. फाटलेल्या नखाने, बोटावरच्या चिरांसह संशयित गाईच्या तोंडात हात घालणारा पशुवैद्यक किंवा शेतकरी तिसऱ्या वर्गात मोडतो, चावा झालेला नसला तरीही. हे रुग्णालयात स्पष्ट सांगावे लागते, कारण "कुत्रा चावला का?" या प्रश्नाला "नाही" असे उत्तर दिले की तिथे प्रकरण हलके धरले जाण्याची शक्यता असते. म्हणून सोबत चिठ्ठी द्यावी: कोणते जनावर, कोणती लक्षणे, कोणत्या प्रकारचा संपर्क, कोणत्या तारखेला.

त्वचेत द्यायच्या पद्धतीने लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन-दोन ठिकाणी प्रत्येकी ०.१ मिली दिली जाते. स्नायूतील पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच डोस असतात. संपर्कपूर्व लसीकरण पूर्ण झालेल्या व्यक्तीला ० आणि ३ व्या दिवशीचे दोनच डोस पुरतात व प्रतिपिंडद्रव लागत नाही. जखम धुणे मात्र त्यांनाही तेवढेच लागू आहे. लस घेतलेले सहकारी हा भाग वगळतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

टप्पा ६: संपर्कातील माणसांची यादी

जनावर जिवंत असतानाच ही यादी करावी, कारण ते मेल्यावर माणसे पांगतात. मालकाने सांगितलेली नावे अपुरी असतात. घरातल्या स्त्रियांना स्वतंत्र विचारावे. गोठा झाडणे, धार काढणे, वासराला पाजणे ही कामे बहुधा त्यांच्याकडे असतात आणि हातांना भेगाही असतात. आधी येऊन गेलेला उपचारक कोण, शेजारचा कोणी मदतीला आला होता का, मुलांनी तोंडाजवळ चारा धरला होता का, हेही विचारावे. प्रत्येक नावापुढे संपर्काचा प्रकार व शेवटची तारीख लिहून यादीची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी द्यावी.

दुधाचा प्रश्न हमखास येतो. उकळलेल्या दुधातून धोका नसतो, आणि दूध प्यायल्याने माणसाला रेबीज झाल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले उदाहरण नाही. तरीही संशयित जनावराचे दूध वापरू नये व डेअरीला घालू नये. हे शांतपणे आणि नेमके सांगावे. नाहीतर दूध प्यालेले पन्नास लोक रुग्णालयाच्या रांगेत उभे राहतात आणि तोंडात हात घातलेला एक माणूस घरीच राहतो.

*तपासणी:* यादीत दूध काढणारी व्यक्ती आहे का? औषध पाजणारी व्यक्ती आहे का? आपले स्वतःचे आणि परिचराचे नाव आहे का?

टप्पा ७: विलगीकरण आणि चावा बसलेली इतर जनावरे

संशयित जनावर एकटे, आडोशाला बांधावे, चारा-पाणी दुरून सरकवावे. लक्षणे सुरू झाल्यावर बहुतेक जनावरे काही दिवसांतच मरतात. रेबीजची दाट शक्यता असलेल्या मोकाट कुत्र्याबाबत २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्याला वेगळे ठेवून नैसर्गिक मृत्यूपर्यंत निरीक्षण करायचे असते. जमावाने डोक्यात काठ्या घालून मारणे बेकायदा तर आहेच, शिवाय त्याने मेंदूचा नमुना खराब होतो आणि मारणाऱ्यांच्या अंगावर लाळ-रक्त उडते.

दहा दिवसांच्या निरीक्षणाचा नियम फक्त कुत्रा व मांजर यांना लागू आहे. तो गाय, शेळी, माकड, कोल्हा यांना लावू नये. माणसाची लस त्या दहा दिवसांसाठी थांबवायचीही नसते. ती लगेच सुरू करायची असते, आणि कुत्रा दहाव्या दिवशी ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात.

त्याच कुत्र्याने चावलेली, पण अजून निरोगी असलेली जनावरे वेगळी काढून जखमा धुवाव्यात आणि त्यांना विलंब न करता लस सुरू करावी. आपल्याकडे प्रचलित पद्धत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी डोस देण्याची आहे. लसीच्या कुपीवरील सूचनाही पाहाव्यात. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत रेबीजचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) ६ महिने धरला आहे, म्हणून लस दिल्यावरही तेवढा काळ नजर ठेवावी आणि त्या काळात जनावर बाजारात विकू नये असे मालकाला लेखी सांगावे. घोटी किंवा सिन्नरच्या बाजारातून असे जनावर हातोहात दुसऱ्या तालुक्यात गेले की माग काढणे जवळपास अशक्य होते.

टप्पा ८: नमुना

निदानाचा प्रमाणित आधार म्हणजे ताज्या मेंदूवरील प्रतिदीप्त प्रतिपिंड चाचणी. तिच्यासाठी नमुना फॉर्मेलिनमध्ये टाकायचा नसतो. फॉर्मेलिनमधील तुकडा फक्त ऊतिविकृती तपासणीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहायला, उपयोगी पडतो. ही चूक इतकी सर्रास होते की बाटलीवर आधीच मोठ्या अक्षरांत "फॉर्मेलिन नको" असे लिहून ठेवावे. नेग्री पिंड (रेबीजमध्ये मेंदूच्या पेशींत दिसणारे कण) दिसले नाहीत म्हणून रेबीज नाही असेही म्हणता येत नाही, आणि लाळेवरच्या जलद पट्टी-चाचणीच्या नकारात्मक निकालावर माणसाचा उपचार सोडणे तर अजिबात योग्य नाही.

कवटी कुऱ्हाडीने किंवा विजेच्या करवतीने फोडू नये. त्यातून तुषार उडतात. त्याऐवजी डोके मानेपासून वेगळे करून मागच्या छिद्रातून, म्हणजे पाठीचा कणा कवटीत शिरतो त्या महाछिद्रातून, नमुना घ्यावा. क्रम असा:

१. पूर्ण संरक्षक पोशाख चढवावा: दोन जोड हातमोजे, चष्मा किंवा ढाल, मुखपट्टी, अॅप्रन, गमबूट. लस न घेतलेल्या कोणालाही जवळ थांबू देऊ नये.

२. डोके पुढे वाकवून पहिल्या मणक्याच्या सांध्यात कापावे आणि महाछिद्र उघडे करावे.

३. कुत्रा, मांजर, शेळी, वासरू यांत जाड प्लास्टिकची नळी छिद्रातून डोळ्याच्या दिशेने फिरवत सरकवावी, टोक दाबून बाहेर काढावी आणि आतला भाग बाटलीत पिळावा. मोठ्या गाय-म्हशीत नळीने पुरेसा नमुना येत नाही. तिथे लांब दांड्याच्या चमच्याने मेंदूस्तंभ (मेंदूचा मज्जारज्जूला जोडणारा भाग) काढावा.

४. मेंदूस्तंभाचा पूर्ण आडवा छेद आणि अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) भाग मिळालाच पाहिजे. विषाणू एकाच बाजूला असू शकतो, विशेषतः मोठ्या जनावरात. अर्ध्या तुकड्यावरचा नकारात्मक निकाल विश्वासार्ह नसतो.

५. बाटली घट्ट बंद करून बाहेरून हायपोक्लोराइटने पुसावी, शोषक कागदात गुंडाळून दुसऱ्या न गळणाऱ्या डब्यात, आणि तो डबा बर्फाच्या पिशव्यांसह तिसऱ्या पेटीत ठेवावा. बर्फाची सोय नसेल तर ५० टक्के ग्लिसरॉल-सलाईनचा पर्याय आहे.

नमुना पाठवण्यापूर्वी पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागाशी बोलून घ्यावे: नमुना कोणत्या दिवशी स्वीकारतील, कोणती चाचणी होईल, सोबत कोणते पत्र हवे. नाशिकहून पुण्यापर्यंतचा प्रवास सुमारे २०० किलोमीटरचा आहे; शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेली पेटी रविवारभर कुठेतरी पडून राहते. बंगळुरूच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयातील रेबीज निदान प्रयोगशाळा ही जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा आहे. गुंतागुंतीच्या प्रकरणात तिचा सल्ला घेण्याचा विचार वरिष्ठांमार्फत करता येतो.

*इशारा:* निकालाची वाट पाहत माणसांची लस थांबवू नये.

टप्पा ९: विल्हेवाट, निर्जंतुकीकरण, अहवाल

शव खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे किंवा दहन करावे. ओढ्यात, डोंगराच्या कडेला किंवा उसाच्या बांधावर टाकलेले शव गावातली कुत्री खातात. निफाड-सिन्नरच्या पट्ट्यात बिबट्याही तिथे येतो. कातडे काढू देऊ नये. रेबीजचा विषाणू बाहेर फार काळ टिकत नाही. साबण, हायपोक्लोराइट, ७० टक्के अल्कोहोल आणि ऊन त्याला निष्क्रिय करतात. गव्हाण, दावे, बादली आणि जमीन धुऊन उन्हात वाळू द्यावी; दावे जाळले तर अधिक बरे.

प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत रेबीज आहे, त्यामुळे संशयाचीही सूचना देणे बंधनकारक आहे. खासगी व्यावसायिकांना हे आपल्याला लागू नाही असे वाटते. ते लागू आहे. तालुक्याच्या वरिष्ठ पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना, ग्रामपंचायतीला किंवा महानगरपालिकेला आणि आरोग्य केंद्राला एकाच दिवशी लेखी कळवावे.

टप्पा १०: तालुका पातळीवरील उजळणी

सप्टेंबरच्या २८ तारखेला, जागतिक रेबीज दिनी, भाषणे आणि मोफत लसीकरण शिबिरे होतात. ती व्हावीतच, पण चमूची उजळणी त्या दिवसाला जोडू नये, कारण त्या दिवशी सगळे शिबिरात गुंतलेले असतात. तालुक्यातल्या पंधरा-वीस जणांसाठी अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक वेगळे ठेवावे, आणि त्यात व्याख्यान अर्ध्या तासापेक्षा जास्त नसावे.

उरलेला वेळ हातांना द्यावा. एकाने मालक व्हावे, दुसऱ्याने फोनवर छाननी करावी, इतरांनी कोणता प्रश्न राहिला ते टिपावे. खाटिकाकडून निरोगी शेळीची मुंडकी आणून प्रत्येकाने महाछिद्रातून नमुना घेऊन पाहावा. एकदा स्वतः केल्याशिवाय ही पद्धत गोठ्यात जमत नाही. हातमोज्यांवर हळदीचे घट्ट पाणी लावून ते काढण्याचा सराव करावा: मनगटावर, चष्म्यावर, मोबाइलवर पिवळे डाग कुठे उमटतात ते पाहिले की कपडे उतरवण्याचा क्रम का महत्त्वाचा आहे हे वेगळे समजावावे लागत नाही. शेवटी लसीच्या फ्रिजची नोंदवही सर्वांसमोर उघडावी. तापमान २ ते ८ अंशांत दिवसातून दोनदा नोंदलेले हवे, आणि गोठलेली लस पुन्हा वितळवून वापरू नये. श्वानांच्या लसीकरणात किमान ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोचायचे असते. गोठलेल्या कुपीतून टोचलेला कुत्रा त्या मोजणीत धरता येत नाही.

वैयक्तिक अभ्यासासाठी ग्लोबल अलायन्स फॉर रेबीज कंट्रोल या संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत. प्राणी हाताळणी व लसीकरणावरील अभ्यासक्रम पर्यवेक्षकांनाही उपयुक्त आहे. कुत्र्यांच्या नसबंदी शस्त्रक्रियेचा सखोल सराव हवा असेल तर वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिसचे उटी येथील प्रशिक्षण केंद्र हा पर्याय आहे. नाशिकमध्ये शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही, म्हणून माफसूच्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) मुंबई, शिरवळ किंवा परभणी येथील महाविद्यालयांतील तज्ज्ञांना तालुक्याला बोलावण्याची विनंती दोन-तीन महिने आधी करावी. हे प्रशिक्षण पशुवैद्यकांच्या नोंदणी परिषदेच्या निरंतर शिक्षणात धरले जाणार का, हे आयोजकांना आधीच लेखी विचारावे आणि प्रमाणपत्राची प्रत नोंदणीच्या कागदांसोबत ठेवावी.

नव्याने रुजू झालेल्या परिचराने पुढच्या उजळणीची वाट पाहत थांबू नये. त्याचा पहिला डोस रुजू झाल्याच्या आठवड्यातच व्हावा, आणि तीन डोस पूर्ण होईपर्यंत त्याला कोणत्याही लाळ गाळणाऱ्या जनावराचे डोके धरायला सांगू नये.